लहान मुलांच्या हार्मोन ओपीडीचं काम शिकायचंय? सोलापूरच्या सिस्टर्ससाठी सुरुवातीपासून सगळं

गेल्या महिन्यात आमच्या वॉर्डात दोन नवीन सिस्टर जॉइन झाल्या, एक बार्शीची, एक अक्कलकोटची, दोघी हुशार. पहिल्याच आठवड्यात हार्मोन ओपीडीला ड्युटी लागली आणि दुपारी डबा खाताना एकीनं विचारलं, "ताई, या पोरांचं काम शिकायला कोर्स कुठला असतो वो?" मी पण सुरुवातीला हाच प्रश्न घेऊन फिरले होते. एकीनं सांगितलं एमएस्सीशिवाय काही होत नाही, दुसरीनं सांगितलं डायबेटिसचा कोर्स कर, एका ठिकाणी फी भरली तर तिथं सगळं मोठ्यांच्या शुगरचं शिकवलं, लहान पोरांचं अक्षर नाही. माझे पैसे गेले आणि सहा महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ही मुलं महिन्यातनं किंवा तीन महिन्यांतनं एकदा आपल्यासमोर येतात, बाकीचे सगळे दिवस सुई, गोळी, शुगर बघणं हे घरी आईच्या नाहीतर आजीच्या हातात असतं. त्यामुळं आपण जे काही शिकायचं ते दुसऱ्याच्या हातात देता येईल असं शिकायचं. स्वतःला येतं पण त्या आईला शिकवता येत नाही, तर ते काम अर्धंच झालं असं मी धरते.

१. कोणती मुलं येतात ते आधी बघून घ्या

सगळ्यात जास्त टाइप १ डायबेटिसची (ज्यात अंगात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही). मग जन्मतः थायरॉइड कमी असलेली बाळं, उंची न वाढणारी मुलं, लवकर वयात येणारी मुलं (मुलींमध्ये ८ वर्षांच्या आधी, मुलांमध्ये ९ च्या आधी खुणा दिसल्या तर), मुडदूस झालेली, आणि अॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात आजार असलेली, ज्याला सगळे सीएएच म्हणतात. अधूनमधून टर्नर सिंड्रोमच्या (जन्मतः एक एक्स गुणसूत्र कमी किंवा अपुरं असलेल्या) मुली, खूप लघवी आणि खूप तहान असलेलं एखादं मूल. पहिल्या महिन्यात एकेका आजाराचं एकेक पान करा, ग्रंथी कोणती, हार्मोन कमी आहे का जास्त, औषध काय, आणि चुकलं तर किती वेळात मूल सिरियस होतं. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. थायरॉइडची गोळी एक दिवस राहिली तर आभाळ कोसळत नाही, इन्सुलिन किंवा हायड्रोकॉर्टिसोन (सीएएचच्या मुलांचं रोजचं स्टेरॉइड) राहिलं तर त्याच दिवशी धावपळ होऊ शकते.

२. कागदपत्रांची फाइल तयार ठेवा

कुठंही ऑब्झर्व्हरशिपला (म्हणजे दुसऱ्या हॉस्पिटलात काही दिवस काम बघून शिकायला) किंवा कोर्सला अर्ज करायचा म्हटलं की हेच मागतात, म्हणून एकदाच झेरॉक्स आणि स्कॅन करून ठेवा:

- महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, आणि ते चालू आहे का ते बघा, नूतनीकरण दर ५ वर्षांनी असतं
- जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगची मार्कशीट आणि सर्टिफिकेट, दहावी बारावीसुद्धा
- आत्ता जिथं काम करता तिथला अनुभवाचा दाखला आणि एनओसी
- हिपॅटायटिस बी लसीची नोंद
- लहान मुलांच्या लाइफ सपोर्टचं ट्रेनिंग झालं असेल तर त्याचं सर्टिफिकेट
- आधार, फोटो, आणि एक पानाचं पत्र की तुम्हाला हेच काम का शिकायचंय

एनओसी शेवटच्या दिवसावर ठेवू नका. मेट्रन मॅडम रजेवर, क्लार्क दुसऱ्या टेबलावर, आणि तारीख निघून जाते, माझी एक बॅच अशीच गेली. आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर रजिस्ट्रेशनवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आज बघा, उद्या नाही.

३. डिग्री शोधत बसू नका, शिकवणारी जागा शोधा

मी शोधलं तेव्हा लहान मुलांच्या हार्मोनसाठी वेगळा पोस्ट बेसिक डिप्लोमा (नर्सिंग झाल्यावर एका विषयात करायचा कोर्स) नव्हता. नवजात बाळं, क्रिटिकल केअर, ऑन्कॉलॉजी यांचे आहेत. म्हणून हे काम तुकड्या तुकड्यानं जमवावं लागतं, थोडं ऑनलाइन, थोडं मोठ्या सेंटरला जाऊन, आणि बरंचसं आपल्याच ओपीडीत.

आपल्या सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं सर्वोपचार रुग्णालय आहे, तिथं जिल्ह्यातनंच काय, धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद), विजापूर, कलबुर्गी भागातनंही पेशंट येतात. बालरोग विभागात काम करत असाल तर केस बघायला बाहेर जायची गरज नाही, केस समोर येतात. पण निव्वळ हार्मोनची, रोज चालणारी टीम कशी काम करते ते बघायचं असेल तर पुण्याचं जहांगीर किंवा मुंबईचं वाडिया हॉस्पिटल, दोन्हीकडं मुलांच्या हार्मोनचा विभाग आहे. आपल्या डॉक्टरांकडनं पत्र घेऊन जा, नुसतं फोनवर विचारलं तर रिसेप्शनच्या पुढं जात नाही. पुण्याला एक-दोन दिवसच जायचं असेल तर हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, पण मी म्हणेन निदान सलग दोन आठवडे मागा. एक दिवसात फक्त भिंती दिसतात, आहारतज्ज्ञ आईशी काय बोलतात आणि सिस्टर सुई कशी शिकवतात ते कळायला वेळ लागतो.

ऑनलाइनमध्ये तीन गोष्टी उपयोगी पडल्या. भारतातल्या मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांची संघटना आहे, इस्पे, ते डायबेटिस एज्युकेटरसाठी 'आयडियल' नावाचा ऑनलाइन कार्यक्रम चालवतात, त्यात नर्स, आहारतज्ज्ञ सगळे असतात आणि उदाहरणं आपल्याकडची असतात. दुसरं, युरोपच्या संघटनेचं, एस्पेचं, ई-लर्निंग, फुकट आहे, कमी साधनांच्या ठिकाणी काय करायचं याचाही भाग आहे. तिसरं, इस्पॅड या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मुलांच्या डायबेटिसच्या गाइडलाइन, २०२४ च्या आल्यात, त्या मोफत वाचता येतात. नावं सारखी वाटतात त्यामुळं सुरुवातीला माझा पण गोंधळ व्हायचा: इस्पे आपली, एस्पे युरोपची, इस्पॅड फक्त डायबेटिसची. इंग्रजीची भीती वाटत असेल तर रोज दोनच पानं वाचा आणि रात्री मैत्रिणीला मराठीत सांगा, मी तशीच शिकले.

प्रत्येक ट्रेनिंगचं सर्टिफिकेट घेताना त्यावर क्रेडिट तास लिहिलेत का ते बघा, कौन्सिलच्या नूतनीकरणाला लागतात.

४. पहिलं कौशल्य: नीट मोजणं

सगळ्यांना इन्सुलिन आणि इमर्जन्सी शिकायची घाई असते. पण पहिल्या महिन्यात फक्त उंची आणि वजन शिका असं मी सांगते, कारण उंचीच्या एका चुकीच्या आकड्यावर मूल महिनोन् महिने महागड्या ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनवर जाऊ शकतं, नाहीतर ज्याला द्यायला पाहिजे ते राहून जातं.

बूट मोजे काढायचे. टाच, ढुंगण, पाठ भिंतीच्या पट्टीला लागलेली पाहिजे. डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत. मूल श्वास घेऊन सरळ उभं राहिलं की वाचायचं, तीनदा मोजायचं, मिलिमीटरपर्यंत लिहायचं. २ वर्षांखालच्या बाळाला झोपवून मोजायचं आणि त्याला दोन माणसं लागतात, एकीनं डोकं धरायचं, एकीनं गुडघे सरळ करायचे, एकटीनं मोजलेली लांबी मी लिहून घेत नाही.

आता इथला सापळा. आमच्याकडं एक तिसरीतली मुलगी यायची, शाळेतनं थेट, दोन वेण्या वर दुमडून लाल रिबीन बांधलेली. मागच्या वेळी कुणीतरी रिबिनीवरनंच पट्टी टेकवलेली, या वेळी मी वेण्या सोडून मोजलं तर मुलगी सहा महिन्यांत उंच व्हायच्या ऐवजी अर्धा सेंटिमीटर बुटकी झालेली! आई घाबरली, डॉक्टर पण थांबले. जुना आकडा चुकलेला आहे हे कळायला आणखी तीन महिने गेले. तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्ये कंगवा असतो, वेणी सोडायची, मोजायचं, परत घालून द्यायची. आईला तेवढ्यात चार गोष्टी विचारून होतात ते वेगळंच.

आई-वडिलांची उंची विचारून लिहू नका, स्वतः मोजा. वडील हमखास वाढवून सांगतात. दोघांची बेरीज, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, आणि दोनानं भागा, म्हणजे घराच्या हिशोबानं मुलाची उंची साधारण कुठं जायला पाहिजे ते सेंटिमीटरमध्ये कळतं. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला ५ ते ६ सेंमी वाढतं, ४ च्या खाली दिसलं तर डॉक्टरांच्या टेबलावर ती फाइल वर ठेवा. ५ वर्षांपर्यंत डब्ल्यूएचओचा तक्ता, पुढं १८ पर्यंत आयएपीचा (भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा), तक्ता मुलाचा आणि मुलीचा वेगळा असतो, घाईत उलटा लावला जातो.

५. इन्सुलिन: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

सिरिंजपासून सुरू करा. आपल्याकडं दोन ताकदीचं इन्सुलिन मिळतं. बाटलीतलं बहुतेक ४० युनिटचं, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट, त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. पेन बिघडला म्हणून कार्ट्रिजमधनं लाल टोपणाच्या सिरिंजनं १० च्या रेघेपर्यंत ओढलं तर मुलाला १० नाही, २५ युनिट जातात. अडीचपट. मी ज्या छोट्या हॉस्पिटलमध्ये पूर्वी काम करायचे तिथं नाइटला हे होता होता राहिलं, सिरिंज भरून झाली होती, मुलाच्या मावशीनं विचारलं "रोज एवढं दिसत नाही वो सिस्टर" आणि हात थांबला. त्या मावशीला मी कधी विसरले नाही. म्हणून नियम: बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्यानं वाचायचा, शेजारच्या सिस्टरला ऐकू जाईल असा, आणि आईला पण हीच सवय लावायची.

दोन इन्सुलिन मिसळायची असतील तर स्वच्छ दिसणारं आधी, दुधाळ नंतर. दुधाळ बाटली तळहातांत हळू फिरवायची, औषधाच्या बाटलीसारखी हलवायची नाही. सरावाला सलाइन आणि रिकामी सिरिंज घ्या, शंभर वेळा भरा. मी ज्या आयांना शिकवलं त्यांत सगळ्यात पटकन शिकली ती अशोक चौकाकडची विड्या वळणारी एक बाई. शाळा दुसरीपर्यंत. तिच्या बोटांना मापाची सवय होती, दोन रेघांमधली अर्धी रेघ तिला माझ्या आधी दिसायची. शिक्षण बघून कुणाला शिकवता येईल ते ठरवू नका.

जागा बदलत राहणं फार महत्त्वाचं. मुलं एकाच ठिकाणी टोचून घेतात कारण तिथं दुखत नाही, आणि दुखत नाही कारण तिथं गाठ झालेली असते, त्या गाठीतनं इन्सुलिन नीट लागत नाही. प्रत्येक भेटीला पोट आणि मांड्या नुसत्या बघू नका, बोटानं दाबून फिरवा, डोळ्याला न दिसणारी गाठ बोटाला लागते.

मग आपलं ऊन. मे महिन्यात इथं पारा ४२-४३ च्या वर जातो, पत्र्याच्या घरात तर विचारू नका. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीला ठेवायचं, वापरातलं थंड सावलीत साधारण ४ आठवडे चालतं, बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करनं लिहायची. फ्रिज आहे पण लाइट जाते, किंवा फ्रिजच नाही, अशा घरी माठ: मोठ्या मडक्यात तळाला ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली बाटली, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत जिथं वारा लागतो तिथं. दिवसातनं दोनदा पाणी मारायचं. फ्रिज असला तर बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवायचं नाही, एकदा गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं तरी फेकून द्यायचं. गड्ड्याच्या जत्रेला, गावाला, एसटीनं जाताना ओल्या रुमालात गुंडाळून हँडबॅगेत, डिकीत किंवा टपावरच्या बॅगेत अजिबात नाही.

शुगर ७० च्या खाली गेली की साखर. तीन छोटे चमचे साखर पाण्यात किंवा ग्लुकोज पावडर (हे मोठ्या मुलांचं माप, लहानग्यांना वजनाप्रमाणं किलोला ०.३ ग्रॅम), पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. आपल्याकडं घरात शेंगदाण्याचा लाडू, पेढा पटकन हाताला लागतो आणि आई तोच देते, पण तेलातुपामुळं साखर रक्तात उशिरा जाते, तोवर पोरगं गळून पडतं. आधी साखर, नंतर भाकरी-शेंगाचटणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि आणायचं, हे आईला, आजीला, आणि शाळेतल्या बाईंना वेगवेगळं सांगा. शाळेसाठी एका पानाचं मराठी पत्र तयार ठेवा, त्यात एवढं तरी असू दे: मूल घामाघूम, चिडचिडं, थरथरत असेल तर त्याला एकटं घरी पाठवू नका.

६. थायरॉइडची गोळी

जन्मतः थायरॉइड कमी आहे का ते बघायला बाळाच्या टाचेतनं रक्त घ्यायचं ते शक्यतो जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत, टाचेच्या कडेला, मधोमध नाही. पहिला थेंब पुसून टाकायचा, मग तपासणीच्या खास कागदावरच्या एका गोलात एक मोठा थेंब पडू द्यायचा, थेंबावर थेंब चढवायचा नाही, कागद उन्हात वाळवायचा नाही, तीन-चार तास सावलीत आडवा ठेवायचा. गोलाला बोट लागलं तर नमुना वाया.

आजार निघाला तर औषध दोन आठवड्यांच्या आत सुरू झालं पाहिजे, कारण पहिली दोन-तीन वर्षं मेंदू या हार्मोनवर वाढतो. गोळी दोन चमच्यांमध्ये चुरायची, आईच्या दुधाच्या किंवा पाण्याच्या काही थेंबांत कालवून चमच्यानं द्यायची. दुधाच्या भरल्या बाटलीत टाकायची नाही, बाळानं बाटली अर्धी सोडली की डोस अर्धा. मधात नको, वर्षाच्या आतल्या बाळाला मध तसाही द्यायचा नसतो. लोह आणि कॅल्शियमच्या औषधापासून चार तास लांब. आणि बाळ छान हसतंय, धष्टपुष्ट आहे म्हणून घरचे गोळी बंद करतात, त्यांना आधीच सांगा की ते छान आहे ते गोळीमुळंच आहे.

७. दोन इमर्जन्सी ज्या झोपेत विचारल्या तरी आल्या पाहिजेत

पहिली डीकेए, म्हणजे डायबेटिसच्या मुलाला इन्सुलिन कमी पडून रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात ती. मूल उलट्या करतंय, जोरात श्वास घेतंय, पोट दुखतंय, सगळे गॅस्ट्रो नाहीतर न्यूमोनिया म्हणतात. तुम्ही एवढं विचारा: खूप पाणी पितं का, रात्री परत अंथरुणात लघवी करायला लागलंय का, लघवीला मुंग्या लागतात का. मग ग्लुकोमीटर. एक थेंब, पाच सेकंद. उपचारात सलाइन आधी, इन्सुलिन सलाइन सुरू झाल्यावर निदान एक तासानं, तासाला किलोमागं ०.०५ ते ०.१ युनिट ड्रिपमधनं, एकदम झटक्यानं शिरेतनं नाही. इन्सुलिन नळीला चिकटतं म्हणून ड्रिप लावायच्या आधी नळीतनं थोडं सोडून द्यायचं. शुगर उतरली म्हणून इन्सुलिन बंद करणं ही नवीन माणसाची नेहमीची चूक, कीटोन अजून असतात, तेव्हा डॉक्टर ग्लुकोजचं सलाइन जोडतात आणि इन्सुलिन चालू ठेवतात. दर तासाला शुद्ध बघा. डोकं दुखतंय म्हणालं, झोपाळलं, नाडी हळू झाली की लगेच हाक मारा, मेंदूला सूज असू शकते, मॅनिटॉल किंवा ३ टक्के सलाइन बेडजवळ आधीच काढून ठेवलेलं असू दे.

दुसरी सीएएच. मुलींमध्ये जन्मतःच लघवीच्या जागी काही वेगळं दिसतं म्हणून सापडतं, मुलगे दिसायला नॉर्मल असतात आणि घरी जातात, मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या, वजन उतरतं, बाळ मलूल. तालुक्यावरनं आलेलं १९ दिवसांचं एक बाळ मला आठवतं, "दूध पचत नाही" म्हणून दोनदा दूध बदलून झालेलं. सोडियम खाली, पोटॅशियम वर, आणि बाळाची कातडी घरच्या सगळ्यांपेक्षा काळसर. आई म्हणत होती "आमच्यात कुणी सावळं नाही वो". तिनं रोगाची खूण सांगितली होती, ऐकणारं कुणी पाहिजे होतं. हे बाळ वाचलं, आता शाळेत जातं.

या मुलांना हायड्रोकॉर्टिसोन रोज, आणि ताप, ऑपरेशन, मोठी दुखापत असली की डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणं दुप्पट-तिप्पट. उलटी होऊन गोळी पोटात राहत नसेल तर मांडीत इंजेक्शन: ३ वर्षांपर्यंत २५ मिलिग्रॅम, ३ ते १२ ला ५०, पुढं १००. शंभरची बाटली २ एमएल पाण्यात विरघळवली की ०.५ एमएल, १ एमएल, २ एमएल, असं सोपं जातं. आईकडनं मोसंबीवर सराव करून घ्या, आणि घरातल्या दुसऱ्या एका माणसाकडनं पण. शेजारचं कुणीतरी म्हणतंच की स्टेरॉइड वाईट, बंद कर. तेव्हा आईला तोंडपाठ उत्तर द्या: "अंगात जे तयार व्हायचं ते माझ्या बाळाच्या अंगात होत नाही, तेवढंच आम्ही भरून देतो." एकदम बंद केलं तर जीव जाऊ शकतो, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगायला कचरू नका.

८. टेस्टचा दिवस

ग्रोथ हार्मोनच्या टेस्टला मूल रात्रीपासून उपाशी असतं, एकदाच सुई लावून ठराविक वेळांनी रक्त घ्यायचं. हार्मोन वाढतंय का ते बघायला क्लोनिडिनची गोळी दिली की बीपी उतरतं, मूल पेंगतं, म्हणून झोपवूनच ठेवा, बाथरूमला एकटं सोडू नका, संपल्यावर खायला घालून आणि बीपी बघूनच घरी. ट्यूबवर नाव लिहितात सगळे, वेळ विसरतात, आणि वेळ नसलेल्या पाच ट्यूब म्हणजे टेस्ट परत. रक्त काढायच्या आधीच चिकटपट्ट्या लिहून ठेवा. एसीटीएचचा (अॅड्रिनलला चालना देणाऱ्या हार्मोनचा) नमुना जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, बर्फात, लगेच लॅबला. कॉर्टिसॉल (अॅड्रिनलचं हार्मोन) सकाळी ८ च्या सुमाराला, बस चुकली म्हणून ११ ला घेतलेल्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही, म्हणून मोहोळ, मंगळवेढ्याकडच्या लोकांना आदल्या रात्री यायला सांगा.

९. बोलणं

हे कुठल्या कोर्सात नाही म्हणून थोडं सविस्तर. सोलापुरात अर्धा वॉर्ड तेलुगू, कन्नड नाहीतर उर्दू बोलतो. एका तेलुगू आजींना मी विचारलं, याला चक्कर येते का, त्या हो हो म्हणाल्या, मी लिहून घेतलं, शुगर उतरत असणार म्हणून डॉक्टरांना सांगितलं. नंतर सुनेकडनं कळलं, त्यांच्या भाषेत चक्केरा म्हणजे साखर, आजींना वाटलं शुगरचा आजार आहे का ते विचारतेय. तेव्हापासून मी शब्द विचारत नाही, करून दाखवते, डोकं धरून डोलून दाखवते, आणि आजार, सुई, उपाशी, साखर, ताप असे वीस-पंचवीस शब्द तेलुगूत आणि कन्नडात वहीत लिहून पाठ केलेत. तुम्ही पण करा, वॉर्डातल्या मावशी शिकवतात.

वयात येणाऱ्या मुलांची तपासणी पडद्याआड, आई जवळ, बाकी नातेवाईक बाहेर, आणि काय करणार ते मुलालाच आधी सांगायचं. डायबेटिसच्या मुलीचे घरचे लग्नाच्या काळजीनं आजार लपवतात, कधी सुई पण लपूनछपून. त्यांना रागवून काही मिळत नाही, दुसऱ्या मुलीच्या आईशी गाठ घालून द्या, अर्धी भीती तिथंच उतरते.

आणि ज्या बाळाच्या लिंगाबद्दल जन्मतः नक्की सांगता येत नाही, तिथं घाईनं "मुलगा झाला" किंवा "मुलगी झाली" म्हणू नका, तपासण्या होऊ द्या. आपल्या भाषेत सोय आहे, "बाळ छान आहे, ते दूध पितंय," एवढंच म्हणा, जन्माच्या कागदाचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील. लेबर रूममधल्या सगळ्यांना, मावशींना सुद्धा, हे सांगून ठेवा, कारण एकदा बाहेर गेलेला शब्द घरचे आयुष्यभर धरून बसतात. फोटो कुणी काढायचा नाही, आपण पण नाही.

१०. लॉगबुक

दोनशे पानी वही घ्या. तारीख, आजार, तुम्ही काय केलं, कुणी बघितलं, त्यांची सही. मुलाचं नाव लिहायचं नाही, फक्त वय. पहिल्या तीन महिन्यांचं माझं माप असं: ५० मुलांची उंची दुसऱ्या सिस्टरच्या आकड्याशी अर्ध्या सेंटिमीटरच्या आत जुळलेली, २० आयांना सुई शिकवलेली, ५ टेस्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि टाचेच्या रक्ताचे १० नमुने एकही परत न आलेले. शहरातल्या शाळा, अंगणवाड्यांना जाणाऱ्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) टीमसोबत एक दिवस जाऊन या, तिथं बुटकी राहिलेली, गलगंड असलेली मुलं पहिल्यांदा दिसतात आणि त्या टीमची ओळख पुढं खूप कामाला येते.

आईला शिकवलं असं लिहायच्या आधी एकच करा: सिरिंज तिच्या हातात द्या, तुमचे हात मागं घ्या आणि तिला सुरुवातीपासून करू द्या, मधे बोलू नका. जिथं ती अडते ते वहीत लिहा आणि पुढच्या भेटीला तिथनंच सुरू करा. त्या बार्शीच्या सिस्टरला मी हे सांगितलं, तर या आठवड्यात तिनं तिच्या वहीत पहिली ओळ लिहिलीय: "वय ६, आई बुडबुडा काढायला विसरते."